कमोडच्या झाकणावरचा मानकरी

लग्नाआधी हॉलिसनं मला सांगितलं होतं की त्याला एक छोटासा छंद आहे. छोटासा म्हणे. आज आमच्या घरात एक कपाट असं नाही की उघडल्यावर काडतुसाचं काहीतरी पायावर पडत नाही. स्वयंपाकघरातला माझा चांगला तराजू पहिल्याच वर्षी बारूद तोलायला म्हणून गॅरेजमध्ये गेला, तो काही परत आला नाही. पितळेची वापरलेली काडतुसं तो माझ्या उशांच्या अभ्र्यात बांधून कपड्यांच्या मशिनमध्ये फिरवतो. नवऱ्याच्या खिशात दुसऱ्या बाईची चिठ्ठी सापडली असती तर मला निदान कारण कळलं असतं. माझ्या नवऱ्याच्या खिशात काडतुसाच्या टिकल्या सापडतात, आणि त्या मशिनमध्ये फुटतात.

दुकानात काडतुसांची आयती खोकी मिळतात. शहाणी माणसं ती घेतात, डोंगरात जातात, एल्क म्हणजे ते घोड्याएवढं सांबर मारतात आणि घरी येऊन झोपतात. हॉलिसच्या मते ही माणसंच नव्हेत. तो आपली काडतुसं आपण भरतो. रिकामं पितळ घ्यायचं, बुडाला नवी टिकली बसवायची, बारूद कण मोजून आत घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. हिवाळाभर तो हेच करतो. मग वसंतात ती सगळी मातीच्या ढिगाऱ्यात झाडतो, ‘बारूद अजून जरा हवी’ म्हणतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. मोंटानात करमणूक फारशी नाही, हे मला मान्य आहे.

मी लव्हॉन. गावात मांस कापण्याची शेड आहे ती माझी, माझ्या वडिलांकडून आलेली. हंगामात लोक एल्क आणि हरणं आणून टाकतात, मी ती सोलते, टांगते, कापते, कागदात बांधते, उरलेल्याचं सॉसेज करते. त्यामुळे गोळी कुठून शिरली, कुठे थांबली आणि वाटेत तिनं काय काय फाडलं, हे सगळ्यात आधी मला दिसतं. मारणाऱ्यानं काय सांगितलं होतं तेही माझ्या लक्षात असतं. या दोन गोष्टी जुळतातच असं नाही.

सापडलेल्या गोळ्या मी धुऊन गल्ल्याशेजारच्या कपकेकच्या ट्रेमध्ये टाकते, आणि लोक कॉफी पीत त्यांच्यावर वाद घालत बसतात. चांगली गोळी म्हणजे आत गेल्यावर तोंडाकडून भूछत्रासारखी उमललेली, मागचं अंग शाबूत आणि वजन फारसं न घटलेलं. तिचं तांब्याचं कवच आणि आतलं शिसं शेवटपर्यंत एकमेकांना धरून असलं पाहिजे. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे ती पलीकडच्या कातड्याखाली थांबावी की आरपार निघून जावी, यावरून मात्र आमच्या गावात लोकांनी लग्नाची आमंत्रणं टाळली आहेत. एल्कला यात काय वाटतं, ते कोणी विचारत नाही.

हंगाम संपतो रविवारी, अंधार पडताना. सोमवारी दुपारी सगळे माझ्या शेडमध्ये जमतात. मी खिमा आणि राजम्याची चिली करते, मक्याचा पाव भाजते, आणि हॉलिस ट्रेमधल्या एकेका गोळीचा निवाडा करतो. कोणाची ते आधी सांगायचं नाही, हा नियम. सगळ्यात वाईट ठरलेली गोळी त्या वर्षी कमोडच्या झाकणावर जाते. हे झाकण आमच्याच जुन्या कमोडचं. मी ते हॉलिसला फेकायला दिलं होतं, त्यानं वार्निश लावून शेडच्या भिंतीवर टांगलं. त्याच्यावर गोळी स्क्रूनं बसवतात आणि खाली भरणाऱ्याचं नाव लिहितात. आमच्या पाद्रीबुवांचं नाव त्यावर दोनदा आहे. देवाच्या माणसाला बारूद तोलता येत नाही याचं त्यांना अतोनात दुःख आहे, आणि ते दर हंगामात माझ्याकडे अगदी सहज म्हणून येऊन ट्रेमध्ये डोकावून जातात.

हॉलिसचं नाव त्या झाकणावर कधीच आलं नव्हतं. न्यायाधीशच तो. शिवाय त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं, आणि ते मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. माझी गोळी एकतर मारते नाहीतर चुकते, जखमी जनावर मागे टाकून मी आजवर घरी आलेलो नाही. शिकाऱ्याला यापेक्षा मोठं काही म्हणता येत नाही. आमच्याकडे माणूस बायको सोडून गेला तर लोक दोन महिन्यांत विसरतात. जखमी एल्क सोडून आला तर त्याच्या थडग्याजवळसुद्धा कुजबुज होते.

आता ड्युईचं सांगते. ड्युई माझा धाकटा भाऊ. तो आणि हॉलिस माझ्या लग्नाच्याही आधीपासून एकाच तंबूत शिकारीला जायचे. ड्युई पूर्वी पीत असे, भरपूर पीत असे, आणि एके दिवशी त्यानं सोडली ती सोडलीच. ते वर्ष कसं काढलं ते त्याला ठाऊक आणि मला ठाऊक. तो गप्प माणूस आहे. पण जे बोलेल ते खरं बोलेल.

तीन हंगामांमागे ते दोघं भाकडगायीची दरी म्हणतात तिथे होते. हॉलिसनं एका मोठ्या नरावर गोळी झाडली, तीही हाकेच्या अंतरावरून. नर वळला आणि झाडीत गेला. ड्युई म्हणाला, लागली, आवाज आला, ओल्या पोत्यावर फावडं आपटावं तसा. हॉलिस म्हणाला, चुकली, मध्ये फांदी होती. दोघांनी बर्फ तपासला, रक्ताचा थेंब नाही, केस नाही. हॉलिस तंबूत परत गेला आणि बीन्स गरम करून जेवला. ड्युई एकटाच नराच्या मागावर गेला. वर बर्फ पडायला लागला, माग बुजला, आणि तो परतला दुसऱ्या दिवशी, रांगत म्हटलं तरी चालेल. त्याच्या डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. डॉक्टरनं ती काढली.

इथवरही निभावलं असतं. पण त्या सोमवारी शेडमध्ये हॉलिसनं हा किस्सा रंगवून सांगितला. न लागलेल्या एल्कच्या मागे जाऊन करंगळी देऊन आलेला पहिला माणूस वगैरे. लोक हसले. ड्युई कोपऱ्यात पाय पट्टीत बांधून बसला होता. तो एवढंच म्हणाला की मी आवाज ऐकला. त्यावर हॉलिसच्या तोंडून निघून गेलं की बाटलीतून असे बरेच आवाज येतात.

कोणी हसलं नाही. ड्युई उठला, टोपी घातली आणि लंगडत बाहेर गेला. त्यानंतर तो माझ्या घरात आला नाही. गावातल्या निम्म्या लोकांनी मनात म्हटलं असेल, हं, म्हणजे परत सुरू झालं वाटतं. एवढंसं गाव, तिथे माणसाचा शब्द गेला की गेला. मी हॉलिसला तेव्हाच म्हटलं की जा आणि बोललास ते परत घे. तो म्हणाला, आधी त्यानं मान्य करावं की गोळी चुकली. मी कपाळाला हात लावला. त्या दोघांपैकी एकाशी माझं लग्न झालंय आणि दुसऱ्याला मी लहानपणी आंघोळ घातली आहे, नाहीतर मी दोघांनाही खड्ड्यात जा म्हटलं असतं.

तेव्हापासून ड्युई मला फक्त पोस्टात भेटतो. त्याच्या हरणाचं सॉसेज मात्र तो माझ्याकडूनच करून घेतो, कारण सॉसेजनं त्याचं काही वाकडं केलेलं नाही. सणाच्या दिवशी मी टेबलावर त्याचं ताट मांडते आणि हॉलिस न बोलता ते उचलून ठेवतो. तीन वर्षं हे चाललं होतं.

या नोव्हेंबरात शाळेत बँड शिकवणारा प्रुइट ट्रकमध्ये एल्क घालून आला. ओहायोकडचा पोरगा, अजून दाढी नीट उगवत नाही, जन्मात पहिला एल्क मारलेला. आणि काय एल्क. शिंगं ट्रकच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. हॉलिसनं त्याला विचारलं, कुठली गोळी, किती बारूद. प्रुइट म्हणाला, लाल खोक्यातली, सेलमध्ये होती. हॉलिसचा चेहरा असा झाला की कोणीतरी चर्चमध्ये शिंकरलं असावं. त्यातून मी प्रुइटची गोळी पलीकडच्या कातड्याखालून काढून दिली तर ती इतकी सुंदर उमललेली की चित्र काढावं. नर दोन पावलांत पडला होता. हॉलिसनं गोळी उलटीपालटी करून पाहिली आणि नशीब म्हणून खाली ठेवली.

तो गॅरेजमध्ये गेल्यावर मी नराचा पुढचा डावा खांदा सोडवायला घेतला, आणि सुरी कशावर तरी करकरली.

जुन्या जखमा मला नव्या नाहीत. दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या अंगातून एखादी जुनी गोळी निघतेच. जनावराचं शरीर तिच्याभोवती चिवट गाठ बांधतं आणि जगत राहतं. ही गाठ अक्रोडाएवढी होती, खांद्याच्या फऱ्याला चिकटलेली, आणि त्या जागी हाड वेडंवाकडं जुळून आलं होतं. मी गाठ चिरली. आत तांब्याचं नुसतं कवच, सोललेल्या केळ्याच्या सालीसारखं उलटं झालेलं, आतून रिकामं. शिसं वेगळं, चुरा होऊन. हाडावर आपटून गोळीच्या चिंधड्या झाल्या होत्या. आत खोल काही गेलंच नव्हतं. नर लंगडला असेल महिनाभर, पण रक्त कुठलं सांडणार?

मी ते कवच नळाखाली धरलं आणि माझा हात तिथेच थांबला. कवचाच्या मागच्या भागावर गोल खाच होती.

त्या खाचेबद्दल सांगावं लागेल. हॉलिस ज्या गोळ्या वापरतो त्या बनवणं कारखान्यानं कधीच बंद केलं. त्यानं तीन जिल्ह्यांतून शिल्लक खोकी गोळा करून आणली आणि माझ्या लोणच्यांच्या मांडणीवर रचली. त्या गोळ्यांना मुळात खाच नाही. हॉलिस छोट्या हातयंत्रात एकेक गोळी धरून, दांडी फिरवून स्वतः खाच पाडतो, टीव्हीसमोर, माझ्या सोफ्यावर बसून. त्याच्या मते ही खाच शिशाला आवळून धरते, कवचातून सुटू देत नाही. यावर तो तासभर बोलू शकतो. बोललेलाही आहे, माझ्या मावशीच्या अंत्ययात्रेत. यंत्र जुनं आहे आणि जरा वाकडं आहे. त्यामुळे खाच गोल फिरून येते ती सुरुवातीला भेटतच नाही, केसभर बाजूनं निघून जाते. अशी खाच जगात दुसऱ्या कोणाच्या गोळीवर नाही. मी अशा हजारो गोळ्या सोफ्याच्या फटीतून उचलल्या आहेत.

मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. संतापानं माझे कान तापले होते. लागली होती. ड्युईनं ऐकलं ते खरं होतं. माझ्या भावानं बोट घालवलं, वर दारुड्या म्हणवून घेतलं, आणि त्याचा पुरावा हा एल्क तीन वर्षं खांद्यात घेऊन डोंगरात चरत होता.

पहिल्यांदा वाटलं, तडक गॅरेजमध्ये जावं आणि ते कवच हॉलिसच्या कपाळावर मारावं. मग विचार केला. स्वयंपाकघरात तो कदाचित कबूल करील. डोळे ओले करील, मला जवळ घेईल, आणि गोष्ट स्वयंपाकघरातच राहील. ड्युईचा शब्द गेला होता तो शेडमध्ये, चारचौघांत. आणि सगळ्यांसमोर मीच ओरडून सांगितलं तर? ड्युईचं खरं ठरलं असतं, पण हॉलिस मेला तरी त्याच्या दारात गेला नसता. मला भाऊ जेवायला हवा होता. नुसता खरा ठरलेला भाऊ घेऊन मी काय करू.

म्हणून मी ते कवच धुऊन पुसून ट्रेच्या शेवटच्या खळग्यात ठेवलं, बाकीच्या गोळ्यांसारखं. मग ड्युईला फोन केला. म्हटलं, तुझं सॉसेज सोमवारी दुपारी ने, नाही आलास तर कुत्र्याला घालीन. तो म्हणाला, सोमवारी तिथे सगळे असतात. मी म्हटलं, असतात, मग काय झालं. तो म्हणाला, मी दारातूनच घेईन.

सोमवारी शेड भरली. चिलीचं पातेलं शेगडीवर होतं, ओल्या बुटांचा आणि कांद्याचा वास एकत्र झाला होता. हॉलिसनं सणाचा शर्ट घातला होता आणि चष्मा कपाळावर चढवला होता. निवाडा करताना तो आधी चष्मा लावत नाही. म्हणतो, गोळी बोटांना कळते. ड्युई आला आणि दाराच्या आतच टोपी न काढता उभा राहिला. लोक जरा चपापले. हॉलिसनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग ट्रेकडे पाहिलं.

निवाडा सुरू झाला. एका गोळीला तो म्हणाला, ही उमललीच नाही, हिच्यापेक्षा खिळा फेकला असता तरी चाललं असतं. एकीला म्हणाला, ही थोराड म्हशीसाठी भरलेली आहे, हरणाला कशाला. प्रुइटच्या गोळीला त्यानं नाइलाजानं चांगली म्हटलं, आणि ती दुकानातली निघाल्यावर पाण्याचा ग्लास मागितला. लोक खूश होते. पाद्रीबुवांच्या गोळीचं अर्धं वजन गेलं होतं आणि ते स्वतः भिंतीशी उभे राहून मनात प्रार्थना करत होते, हे मला इथून दिसत होतं.

मग त्यानं शेवटच्या खळग्यात हात घातला. कवच बाहेर काढलं, उजेडात धरलं, आणि त्याचा चेहरा फुलला. असं रत्न त्याला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

“बघा,” तो म्हणाला. “जवळ या सगळे. याला म्हणतात बारूदीचा माज. गोळी बिचारी साध्या वेगासाठी बनवलेली, हिचा काही दोष नाही. भरणाऱ्याला वेगाची हाव. जनावर जवळ, समोर खांद्याचं हाड. शिसं गेलं एकीकडे, पत्रा राहिला एकीकडे, आणि जनावर गेलं चालत. आता हा गाढव काय म्हणाला असेल ते मी सांगतो. चुकली म्हणाला असेल. मध्ये फांदी आली म्हणाला असेल. आणि तंबूत जाऊन पोटभर जेवला असेल.”

लोक खो खो हसले. माझ्या हातात डाव होता, तो मी पातेल्यात सोडून दिला.

त्यानं विचारलं, हे कोणाच्या जनावरातून निघालं. प्रुइट बिचारा हात वर करून म्हणाला, माझ्या, पण ते माझं नाही, जुनी जखम होती, लव्हॉननं काढून दाखवली. हॉलिसनं विचारलं, मारलास कुठे. प्रुइट म्हणाला, त्या भाकडगायीच्या दरीत, वरच्या झाडीत.

दारात ड्युईची मान वर झाली.

हॉलिस अजून हसतच होता, पण त्याचा अंगठा कवचावरून फिरत फिरत मागे गेला आणि खाचेवर थांबला. तिथून तो पुढे सरकला, आणि जिथे खाचेची दोन टोकं एकमेकांना चुकवून जातात तिथे पुन्हा थांबला. मग त्यानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला. त्याची गरज नव्हती. माझ्या नवऱ्याला मी इतकी वर्षं पाहते आहे, त्याचे कान लाल होतात ते दोनच वेळा, एक प्यायल्यावर आणि एक पकडला गेल्यावर. त्या दुपारी तो प्यायलेला नव्हता.

कोणीतरी विचारलं, कोणाची रे, नाव सांग.

“झिजलंय,” हॉलिस म्हणाला. “ओळख पटत नाही.”

त्यानं कवच ट्रेमध्ये परत टाकलं. लोकांनी आरडाओरडा केला, सगळ्यात वाईट तर हीच आहे. हॉलिस म्हणाला, नाव नाही तर झाकण नाही, नियम तो नियम, पुढची वाईट कुठली, हां, पाद्रीबुवांची. पाद्रीबुवा कळवळले. तिसऱ्यांदा! त्यांनी हा अन्याय असल्याचं सांगितलं आणि बायबलात याला काय म्हणतात तेही सांगितलं. सगळे पुन्हा हसायला लागले.

ड्युईनं कवच पाहिलं नव्हतं. त्याला पाहायचंही नव्हतं. त्यानं हॉलिसचा चेहरा पाहिला होता. त्यानं सॉसेजचं खोकं उचललं, मला मान हलवून दाखवली आणि दाराच्या कडीला हात घातला. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. दात ओठांवर रोवून मी उभी राहिले. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची इतकी शिसारी आली की आजही आठवलं तर त्याच्या कॉफीत साखर घालत नाही.

हॉलिस झाकणापाशी उभा राहून पाद्रीबुवांची गोळी स्क्रूनं बसवत होता. स्क्रू बसेना. एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला. त्याचा हात एरवी कधी हलत नाही. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली केला.

“ड्युई.”

ड्युई थांबला, पण वळला नाही.

“आवाज कसा आला होता म्हणालास?”

चिलीचे बुडबुडे तेवढे फुटत होते.

“ओल्या पोत्यावर फावडं आपटावं तसा,” ड्युई दाराकडे तोंड करून म्हणाला. “तीन वर्षांपूर्वीही हेच सांगितलं होतं.”

“हं,” हॉलिस म्हणाला. त्यानं पाद्रीबुवांची गोळी काढून त्यांच्या हातात दिली. ट्रेकडे गेला, ते कवच उचललं, आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. “मग ही माझी. ही खाच मीच पाडलेली आहे. ती शिशाला धरून ठेवते असं मी तुम्हाला सांगत आलो. नाही ठेवत.”

मग त्यानं कवच झाकणावर बसवलं. आता स्क्रू एका दमात बसला. मार्करनं खाली नाव लिहिलं, पूर्ण नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरांत. कोणी हसलं नाही. पाद्रीबुवासुद्धा नाही, आणि त्यांना हसायचा हक्क होता.

ड्युईनं खोकं खाली ठेवलं. तो आत आला, बाकावर बसला, आणि डाव्या बुटाची नाडी सोडायला लागला. काय चाललंय ते कोणाला कळेना. त्यानं बूट काढला, मोजा काढला, आणि तो पाय सरळ पुढे केला. चार बोटं, आणि पाचव्याच्या जागी गुळगुळीत गुलाबी कातडं.

“मला काही सांगू नकोस,” तो हॉलिसला म्हणाला. “त्याला सांग.”

हॉलिसचा उजवा गुडघा कामातून गेलेला आहे. चर्चमध्येही तो गुडघे टेकत नाही, देवानं समजून घ्यावं म्हणतो. तो गल्ल्याला धरून, कण्हत, टप्प्याटप्प्यानं शेडच्या ओल्या फरशीवर उतरला, जिथे सकाळी मी एल्क कापला होता. ड्युईच्या पायासमोर बसला. आणि त्या नसलेल्या बोटाकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“तुझा मालक त्या दिवशी प्यायलेला नव्हता.”

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

“मला ते तेव्हाही माहीत होतं.”

मला वाटलं होतं की मला आनंद होईल. झालाही, पण त्याआधी मी वर्षं मोजली. तेव्हाही माहीत होतं. तीन वर्षं माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला माहीत होतं. ड्युईनं बराच वेळ त्याच्या डोक्याकडे पाहिलं. टक्कल पडलेलं डोकं, त्यावर मांसाच्या भुशाचा एक कण. मग त्यानं मोजा चढवला, बूट घातला, नाडी बांधली. सगळं सावकाश. हॉलिस तोवर खालीच होता, कारण त्याला उठता येत नव्हतं.

शेवटी ड्युईनं हात पुढे केला आणि त्याला ओढून उभं केलं. मग टोपी काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, झाकणाच्या शेजारी, आणि मला म्हणाला, “वाढ.”

मी त्याला वाढलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. हॉलिसनं तोंडातल्या तोंडात विचारलं, कांदा फार पडला का. मी त्याच्याकडे फक्त पाहिलं, आणि तो आपली वाटी घेऊन मुकाट्यानं दुसऱ्या टोकाला जाऊन पाद्रीबुवांशेजारी बसला.